नोकरी सुटल्यावर मिळणारे पैसे आणि शाळेची जुनी पंजी



या अंकात आम्ही परीक्षा, निकाल किंवा गॅदरिंग यांविषयी लिहीत नाही. गेल्या दीड-दोन वर्षांत शाळेच्या कार्यालयात एक निराळ्याच प्रकारची गर्दी वाढली आहे, तिच्याविषयी लिहायचे आहे. चाळिशी-पन्नाशीचे आपले माजी विद्यार्थी येतात, ओशाळून खुर्चीच्या कडेला बसतात आणि म्हणतात, "सर, माझा जुना दाखला मिळेल का? जन्मतारखेचा." कशाला हवा म्हणून विचारले की थोडा वेळ शांतता. मग कळते की पीथमपूरची नोकरी गेली आहे, भविष्य निधीचा, म्हणजे पी.एफ.चा, अर्ज अडला आहे, आणि मुलांची फी भरायची आहे.

इंदूरच्या माणसाला अडकलेल्या पैशांची गोष्ट नवी नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. ५,८९५ कामगारांचे देणे थकले. २००७ मध्ये न्यायालयाने २२९ कोटी रुपयांचे देणे ठरविले, पण मिलच्या जमिनीचा वाद सुटेना, आणि सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षे! त्या मिलभागातली मुले आमच्या वर्गांत शिकली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या वडिलांनी ते पैसे पाहिलेच नाहीत. ते प्रकरण अवसायनाचे होते, कोर्टाचे होते, एकट्यादुकट्याच्या हातातले नव्हते. आज आमच्याकडे जी प्रकरणे येतात ती तशी नाहीत. त्यांतली बहुतेक एका अक्षरापायी किंवा एका आकड्यापायी अडलेली असतात, आणि सुटण्याजोगी असतात.

आधी हे पैसे कोणते ते सांगतो, कारण 'बेरोजगारी भत्ता' या एकाच शब्दाखाली लोक दोन-तीन गोष्टी एकत्र करतात.

पहिली गोष्ट पी.एफ. ही आपलीच बचत. पगारातून कापलेली आणि मालकाने त्यात घातलेली. दुसरी गोष्ट कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ई.एस.आय. नंदानगरचा दवाखाना म्हटले की सगळ्यांना कळते, पण ई.एस.आय. म्हणजे केवळ दवाखाना नव्हे. तीत विमाधारकाची नोकरी गेल्यास काही काळ रोख मदत देण्याच्या योजना आहेत. 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' १ एप्रिल २००५ पासून आली. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर तिच्यासाठी अर्ज करतात. 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ ला सुरू झाली. सुरुवातीला तीत सरासरी रोजाच्या २५ टक्के इतकीच मदत होती. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती ५० टक्के केली, आणि नोकरी गेल्यावर ९० दिवसांनी नव्हे तर ३० दिवसांनीच मागता येईल असे केले. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची. समजा सरासरी रोज ५०० रुपये धरला, तर २५० रुपयांप्रमाणे ९० दिवसांचे २२,५०० होतात. फार मोठी रक्कम नाही, पण दोन मुलांची शाळा आणि घरभाडे ज्याला एकाच महिन्यात द्यायचे असते त्याला विचारून पाहा.

ही अटल योजना मुळात दोन वर्षांसाठी होती, नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवीत आले. म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात 'सध्या मुदत चालू आहे का' हा प्रश्न प्रथम विचारावा. स्वतःहून राजीनामा देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना, वय झाल्याने निवृत्त झालेल्यांना आणि गैरवर्तनावरून काढलेल्यांना ती मिळत नाही. आता इथेच पहिली ठेच लागते. कित्येक कारखान्यांत कपात करताना माणसाकडून राजीनाम्याचा कागद लिहून घेतात. "सगळेच लिहून देत होते, मीही दिला," असे आमच्या एका पालकांनी सांगितले. त्या एका ओळीच्या कागदामुळे पुढे कपात झाली हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते. सही करायच्या आधी एक दिवस मागून घ्यावा. घरी आणून वाचावा. एवढे तरी करावेच.

दुसरी ठेच दिवसांची. ई.एस.आय.चे वर्ष दोन भागांत मोजतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. २०२० मध्ये सैल केलेल्या नियमाप्रमाणे किमान दोन वर्षे विम्याखालची नोकरी पाहिजे, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले पाहिजे, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी निदान एकीत तितकेच. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची अडचण अशी की पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण ठेकेदाराने ती भरलेलीच नसते, किंवा सहा महिने भरून मधले चार महिने सोडलेले असतात. पावती असूनही खाते कोरे. एका ताईंचे असेच झाले. त्या पॅकिंगच्या कामाला होत्या. त्यांनी पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या एका जुन्या मिठाईच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले. लेखी तक्रारीसोबत त्या चिठ्ठ्या जोडता आल्या. ज्यांच्याजवळ काहीच नसते त्यांनी काय दाखवायचे? म्हणून नोकरी धडधाकट चालू असतानाच दर सहा महिन्यांनी आपले अंशदान भरले जाते की नाही ते पाहावे. घरात दहावी-अकरावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून मोबाइलवर पाहून घ्यावे. विद्यार्थी मित्रहो, हा गृहपाठ आमच्यातर्फे समजा.

जाता जाता एक सांगतो. अटल योजनेच्या अर्जासोबत पूर्वी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र लागत असे. ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली. तरी कार्यालयाबाहेर बसणारे काही लोक अजून 'अ‍ॅफिडेव्हिट'चे पैसे घेताना आम्ही ऐकले आहे. पैसे देण्याआधी आत जाऊन विचारावे.

आता पी.एफ.कडे येऊ, कारण शाळेच्या दारात येणारे बहुतेक याच कामाला येतात.

नोकरी गेल्यावर पी.एफ. किती आणि केव्हा काढता येतो याचे नियम बदलत आले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये असे झाले की एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के रक्कम आणि दोन महिन्यांनंतर उरलेली काढता येई. १३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला की ७५ टक्के ताबडतोब मिळावेत, मात्र पूर्ण रक्कम १२ महिने बेकार राहिल्यावर, आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी जसे मिळाले तसेच आपल्याला मिळेल असे धरून चालू नये. अर्ज करू त्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे विचारून मगच घराचा हिशेब मांडावा.

अर्ज अडण्याचे एक साधे कारण म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख. ती खात्यात भरलेली नसेल तर यंत्रणेच्या लेखी आपण अजून नोकरीतच असतो, मग अंतिम रक्कम मागण्याचा पर्यायच दिसत नाही. माणूस समजतो, संगणक बिघडला. पूर्वी ही तारीख फक्त मालक भरू शके. २०२० पासून शेवटच्या अंशदानानंतर दोन महिने उलटले की आपली आपणही भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओ.टी.पी. येतो. तो मोबाइल नंबरच बंद करून टाकलेला असेल, तर आधी आधार केंद्रावर जाण्यावाचून गत्यंतर नाही. नोकरी गेल्यावर खर्च कमी करायचा म्हणून लोक पहिल्यांदा जुने सिमकार्ड टाकून देतात! ते करू नये.

आणि आता नाव. ही खास आपल्या मराठी मंडळींची अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. मध्य प्रदेशातले बाबू दोनच पदे लिहितात. शाळेच्या पंजीत तीन, बँकेत दोन, पी.एफ.मध्ये एक पूर्ण नाव आणि एक आद्याक्षर, असा प्रकार होतो. त्यातून ज्ञानेश्वर. मराठी माणूस इंग्रजीत ते 'डी-एन-वाय' ने सुरू करतो, हिंदीभाषी बाबू 'ग्यानेश्वर' ऐकतो आणि 'जी-वाय' लिहितो. ऋषिकेशचे आपण 'आर-यू' करतो, ते 'आर-आय'. 'व' ला कोणी 'डब्ल्यू' लावतो, कोणी 'व्ही'. देवनागरीत लिहितानाही ळ तिथे टिकत नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, आमच्याच पदवीच्या अंकसूचीवर आडनावातला ळ हा ल होऊन बसला आहे. पस्तीस वर्षे आम्ही त्यावर हसत आलो. संगणक मात्र हसत नाही, त्याला दोन अक्षरे वेगळी म्हणजे दोन माणसे वेगळी.

भगिनींची अडचण दुप्पट. लग्नात आडनाव बदलते, आणि आपल्याकडे कित्येक घरांत पाटावर बसवून नावसुद्धा बदलतात. दहावीच्या अंकसूचीवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, समग्र आय.डी.त तिसरेच. सून घरात आली त्या दिवशी हौसेने तांदळात लिहिलेले नाव वीस वर्षांनी तिच्याच पैशांच्या आड येते. चाल पाळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण नोकरी करणाऱ्या मुलीचे कागदावरचे नाव एकच राहील एवढे घरच्यांनी पाहावे, आणि बदललेच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र व राजपत्रातील नावबदल यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आता आमच्याच शाळेची गोष्ट, जी सांगताना आम्हाला संकोच वाटतो.

मागल्या पावसाळ्यात आपले एक माजी विद्यार्थी आले. त्यांची मुलगी सध्या सातवीत आहे. नोकरी गेलेली. शेवटच्या कारखान्याचा पी.एफ. त्यांना मिळाला होता, पण तिथे ते फार वर्षे नव्हते. मोठी रक्कम त्याआधीच्या कारखान्याच्या खात्यात होती, आणि तो कारखाना २०१६ मध्येच बंद पडला होता. जुने खाते नव्या क्रमांकाला जोडले जाईना, कारण दोन्हीकडची जन्मतारीख जुळेना. आधारवर आणि दहावीच्या अंकसूचीवर १९८४, जुन्या खात्यात १९८३. "सर, जुन्या कंपनीत मी शाळेचा दाखलाच दिला होता," ते म्हणाले. आम्ही दाखिल-खारिज पंजी काढली. पान पिवळे पडलेले, शाई फिकी. जन्मतारखेच्या रकान्यात अंकांत १९८३, आणि त्याच ओळीत, त्याच हस्ताक्षरात, अक्षरांत 'चौऱ्याऐंशी'. ज्याने दाखला लिहिला त्याने अंक उचलला, ज्याने बोर्डाचा फॉर्म भरला त्याने अक्षरे उचलली. चूक त्यांची नव्हती, कंपनीची नव्हती. चूक आपल्या शाळेची होती, आणि ती कित्येक वर्षांपूर्वी एका सकाळी प्रवेशाच्या गर्दीत कोणीतरी घाईत केली होती.

ते म्हणाले, "तीनचा चार करून द्या ना सर." आम्हाला ते करता येत नाही. पंजीत खाडाखोड करणे म्हणजे पंजीची किंमतच संपविणे. आज एका भल्या माणसासाठी केली की उद्या दुसऱ्यासाठी करावी लागते. त्याऐवजी आम्ही त्या पानाची साक्षांकित प्रत दिली आणि अंक व अक्षरे यांत तफावत असल्याचे, अंकसूचीत अक्षरांप्रमाणे नोंद गेल्याचे शाळेच्या पत्रावर लेखी कबूल केले. नगरपालिकेची जन्मनोंद त्यांच्या आईंच्या पेटीत सापडली, तिच्यावर चौऱ्याऐंशीच होते.

अशा दुरुस्तीला 'संयुक्त घोषणापत्र' म्हणतात, कारण कर्मचारी आणि मालक दोघांच्या सहीने ते जाते. जानेवारी २०२५ पासून हे काम बरेच सोपे केले आहे. ज्यांचा यू.ए.एन. क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघाला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, नोकरीच्या तारखा अशा चुका आपल्या आपण ऑनलाइन सुधारता येतात, मालकाची मंजुरी लागत नाही. त्याआधीचा क्रमांक असेल तर मालकामार्फत जावे लागते. पण मालकच उरला नसेल तर? तेव्हा कागदी घोषणापत्र द्यायचे आणि त्यावर राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर, पोस्टमास्तर अशा ठरावीक माणसाची साक्षांकन-सही घ्यायची. पी.एफ.च्या फॉर्मवर अशा सहीसाठी जी यादी छापलेली असते, तिच्यात मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचेही नाव असते. हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. मग ती सहीही आम्हीच केली.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पी.एफ. कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात, वय ठरविण्यासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. म्हणजे शाळेचा तो पिवळा कागद अजून बोलतो. म्हणूनच तो खरा असायला हवा.

त्या गृहस्थांचे पैसे यायला आमच्या पत्रानंतरही वेळ लागला. पहिल्या दिवसापासून मोजले तर पाच महिने. मधल्या काळात मुलीची फी पुढे ढकलण्यास विश्वस्त मंडळाने एका बैठकीत संमती दिली, त्याबद्दल आम्ही येथे मंडळाचे आभार मानतो. मुलीला वर्गात त्याविषयी काही कळू दिले नाही.

अर्ज पाठविल्यावर वाट किती पाहायची हाही प्रश्न येतो. भविष्य निधी योजना, १९५२ हिच्या परिच्छेद ७२ मध्ये तरतूद आहे की सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज २० दिवसांत निकाली काढावा, आणि काही उणीव असेल तर तीही त्याच मुदतीत अर्जदाराला लेखी कळवावी. पुरेशा कारणावाचून उशीर झाल्यास १२ टक्के व्याज, तेही जबाबदार आयुक्तांच्या पगारातून, असे तिथे लिहिले आहे. या तरतुदीचे नाव काढून कुणाशी भांडायला जावे असे नव्हे. मात्र २० दिवस उलटल्यावर पी.एफ.च्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर 'निधि आपके निकट' हा जिल्ह्यात होणारा मेळावा महिन्याच्या २७ तारखेला असतो. जाताना मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स, आणि एका कागदावर तारखांची यादी न्यावी: नोकरी केव्हा लागली, केव्हा सुटली, अर्ज केव्हा केला, परत आला तेव्हा काय कारण लिहिले होते. परत आलेल्या अर्जाचे कारण इंग्रजीत एका तुटक ओळीत असते. ती ओळ जशीच्या तशी उतरवून न्यावी. "काहीतरी नावाचे म्हणत होते" असे सांगितले की समोरच्यालाही शोधता येत नाही, आणि आपला दिवस वाया जातो. ई.एस.आय.साठी १८००-११-२५२६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

दलालांविषयी एवढेच, की ओ.टी.पी. कोणालाही सांगू नये. आमच्या परिचयातील एका मावशींनी 'काम लवकर होईल' म्हणून मोबाइलच एजंटाच्या हाती दिला. सुदैवाने मुलाने वेळेवर पाहिले.

आता शाळेने काय ठरविले आहे ते लिहितो. जुन्या पंज्यांपैकी ज्यांची पाने सुटली आहेत त्यांची पुनर्बांधणी आणि छायाचित्रण या उन्हाळ्याच्या सुटीत करावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. नव्या प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत पालकांकडून स्वतःच्या हाताने लिहून घेतले जाईल आणि जन्माच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले जाईल. अंकांतली व अक्षरांतली तारीख दोन वेगळ्या व्यक्ती तपासतील. नववीच्या पालकांनी बोर्डाच्या नोंदणीआधी एकदा येऊन आपल्या पाल्याची नोंद पाहून सही करावी. 'बाबांना वेळ नाही' म्हणून मुलांनी सही करून आणू नये, ते आम्हाला ओळखू येते.

दाखल्याची प्रत, पंजीच्या पानाची साक्षांकित प्रत किंवा घोषणापत्रावरची सही यांसाठी माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी सकाळी ११ ते १ या वेळात कार्यालयात यावे. शाळा सोडल्याचे अंदाजे वर्ष, त्या वेळचे पूर्ण नाव आणि वडिलांचे नाव चिठ्ठीवर लिहून आणल्यास पान लवकर सापडते. शुल्क नाही. ज्यांची नोकरी गेली आहे आणि मुले आपल्या शाळेत आहेत त्यांनी फीविषयी आमच्याशी एकांतात बोलावे, वर्गशिक्षकांमार्फत निरोप पाठविण्याची गरज नाही.